निकाल लिहिलेला, मणका खरा

चोकस्लॅम, म्हणजे गळा धरून उचलून आपटण्याचा डाव, इतका जोरात बसला की रेसलर टेरी फंकच्या पायांतले बूट निसटले. २८ जून १९९८, पिट्सबर्ग, डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या प्रो रेसलिंग कंपनीची ‘हेल इन अ सेल’, म्हणजे पिंजऱ्यातली मॅच. त्या मॅचमध्ये मिक फोली दोनदा कसा पडला याबद्दल लोक आजही बोलतात. मला मात्र आधी फंकचे बूट आठवतात.

झालं होतं असं. फोलीचा प्रतिस्पर्धी अंडरटेकर याने त्याला १६ फूट उंच पिंजऱ्याच्या टपावरून थेट समालोचकांच्या टेबलावर फेकलं. स्ट्रेचरवरून बाहेर नेत असताना फोली उठला आणि परत पिंजऱ्यावर चढला. वरती चोकस्लॅम बसला आणि टपाची जाळीच उखडली. ती उखडेल असं कोणी ठरवलेलं नव्हतं. फोली रिंगमध्ये येऊन आदळला, पाठोपाठ वरची खुर्ची त्याच्या तोंडावर बसली. तो हलेना. माणसं आत धावली. त्यांत फंक होता, वयाची ५४ वर्षं पुरी व्हायला दोन दिवस बाकी असलेला. त्याने अंडरटेकरला अंगावर घेतलं, चोकस्लॅम खाल्ला, आणि तेवढ्यात सगळ्यांची नजर फोलीवरून हटली. फोलीला शुद्धीवर यायला थोडी उसंत मिळाली.

लहानपणी हे बघताना मला एवढंच कळलं की अंडरटेकर चिडलाय, समोर येईल त्याला आपटतोय. फंक तिथे आपल्या मित्रासाठी वेळ काढत होता, तोही स्वतःच्या पाठीवर, हे कळायला बरीच वर्षं गेली. कळलं तेव्हा मी रेसलिंगच्या दुसऱ्यांदा प्रेमात पडलो. त्याच सुमारास एक रागही मनात येऊन बसला, तो अजून उठलेला नाही. रिंगच्या आत हे लोक एकमेकांना जिवापाड सांभाळतात. रिंगच्या बाहेर त्यांना कोण सांभाळतं?

‘ते सगळं फेक असतं ना?’ हे वाक्य प्रत्येक रेसलिंगवेड्याने आयुष्यभर ऐकलेलं असतं. आधी मी चिडायचो, मग वाद घालायला लागलो. आता सरळ कबूल करतो: निकाल आधी ठरलेला असतो. कोण जिंकणार, शेवट कुठल्या डावाने होणार, नायक कोण, खलनायक कोण, सगळं लिहिलेलं असतं. पण रिंग म्हणजे गादी नव्हे. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि त्यावर ताणलेला कॅनव्हास. त्यावर पडायचं कसं, हेच आधी शिकावं लागतं. हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ सपाट टेकवायची आणि दोन्ही हात त्याच क्षणी बाजूला आपटायचे, म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो. श्वास सोडून द्यायचा. याला बंप म्हणतात. नीट घेतलेला बंपसुद्धा लागतोच, फक्त माणूस त्यातून उठू शकतो. असे कितीतरी बंप एका मॅचमध्ये, आठवड्यात अनेक रात्री, वर्षानुवर्षं. मणक्याला पटकथा वाचता येत नाही.

माझ्या आवडत्या मॅचमध्ये पहिली जागा लंडनच्या वेम्बली स्टेडियमची. २९ ऑगस्ट १९९२, समरस्लॅम हा कंपनीचा मोठा वार्षिक शो, ८०,००० च्या घरात प्रेक्षक, ब्रेट हार्ट विरुद्ध त्याच्या बहिणीचा नवरा डेव्ही बॉय स्मिथ, म्हणजे आपला ब्रिटिश बुलडॉग. आपल्याच देशातल्या लोकांसमोर बुलडॉग जिंकला आणि लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. पुढे ब्रेटने सांगितलं की मॅच सुरू झाल्यावर थोड्याच वेळात डेव्ही त्याला म्हणाला, मी सगळं विसरलोय. ठरवलेलं काहीच आठवत नव्हतं. मग सुमारे २५ मिनिटांची ती मॅच ब्रेटने त्याच्या कानात सांगत सांगत नेली. आता उडी, आता लाथ, आता मला उचल. पुन्हा कधी ती मॅच लावलीत तर पकडीत दोघांची डोकी जवळ येतात तिथे लक्ष द्या. एक माणूस स्वतः मार खातो आहे, मारणाऱ्याला पुढचा मार कसा द्यायचा ते सांगतो आहे, आणि हजारो लोकांना त्याचा पत्ता नाही. त्या रात्री ब्रेट हरला. माझ्या लेखी त्याच्याइतका थोर रेसलर दुसरा झाला नाही, आणि याचं कारण त्या हरण्यात आहे.

अशा विश्वासाला लुटुपुटूची लढाई म्हणणाऱ्याला रेसलिंग कळलेलंच नाही. समोरच्याने स्वतःची मान तुमच्या हातात दिलेली असते.

आणि कधीकधी हात चुकतो. १९९७ च्या समरस्लॅमला ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन याने स्टीव्ह ऑस्टिनला पाइलड्रायव्हर (उलटं धरून डोक्याच्या बाजूने आपटण्याचा डाव) मारला, ऑस्टिनचं डोकं गरजेपेक्षा खाली राहिलं, आणि ऑस्टिनच्या हातापायांतली ताकद गेली. जगातल्या सगळ्यांत सफाईदार रेसलर्सपैकी एकाच्या हातून ही चूक झाली. ओवेनने प्रेक्षकांना डिवचत वेळ काढला, ऑस्टिन कसाबसा सरपटत आला आणि ओवेनला जेमतेम गुंडाळून ठरलेला पिन केला, म्हणजे त्याचे खांदे टेकवून जिंकला. निकाल लिहिल्याप्रमाणेच लागला. ऑस्टिनची मान मात्र पुढे कधीच पहिल्यासारखी झाली नाही, आणि २००३ मध्ये, अवघ्या ३८ व्या वर्षी, त्याला नियमित रिंग सोडावी लागली. रेफरी डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो ना, ती खूण अशा वेळेसाठी असते: आता हे खरं आहे. ती फुली दिसली की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

आता मुद्द्याकडे येतो. हा खेळ नसून करमणूक आहे, हे सरकारदरबारी जाऊन कोणी सांगितलं? खुद्द कंपनीने. त्याआधी हे गुपित, म्हणजे केफेब, प्राणपणाने जपलं जायचं. डिसेंबर १९८४ मध्ये डेव्हिड शुल्ट्झने ‘मला हे फेक वाटतं’ म्हणणाऱ्या टीव्ही पत्रकाराला दोन्ही कानांवर फटके मारून खाली पाडलं होतं. पण १९८९ मध्ये तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या सिनेटसमोर स्वतःच मांडलं की ही खरी क्रीडास्पर्धा नव्हे, प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी केलेली झुंज आहे. कारण साधं होतं. खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आली, परवाने आले, प्रक्षेपणावरचा कर आला, मॅचआधीची वैद्यकीय तपासणी आली. करमणूक म्हटलं की हे सगळं टळतं.

मला त्या कबुलीचा राग नाही. ती खरीच होती. पण मग पुढचं पाऊलही टाकायला हवं होतं. करमणूक असेल तर रिंगमधला माणूस कलाकार झाला, आणि अमेरिकेत पडद्यावरच्या कलाकारांची संघटना १९३३ पासून आहे. स्टंट करणारेही तिच्यात येतात. स्टंटमॅन इमारतीवरून उडी मारतो तेव्हा तीही आधी ठरलेलीच असते. म्हणून त्याचा करार आणि त्याचा आरोग्य विमा कोणी ‘फेक’ म्हणून काढून घेत नाही. आणि खेळ असेल तर अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंची संघटना १९५६ पासून आहे. रेसलरला मात्र यातलं एकही दार उघडं नाही. खेळाडूचं संरक्षण मागायला गेलं तर तो कलाकार, आणि कलाकाराचं मागायला गेलं तर तो स्वतंत्र कंत्राटदार.

स्वतंत्र कंत्राटदार म्हणजे कोण? ज्याला काम कसं, कधी, कोणासाठी करायचं हे स्वतः ठरवता येतं तो. मोठ्या कंपनीच्या करारातल्या रेसलरकडे बघा. कुठल्या गावी, कुठल्या रात्री, कोणाशी, कोण जिंकणार, माइकवर काय बोलायचं, कपडे कुठले, हे सगळं कंपनी ठरवते. परवानगीशिवाय दुसरीकडे लढता येत नाही. कित्येकदा त्याचं नावही कंपनीच्या मालकीचं असतं. कोडी ऱ्होड्सने कंपनी सोडली तेव्हा वडिलांनी, डस्टी ऱ्होड्सने, गाजवलेलं आडनाव त्याला बरीच वर्षं रिंगमध्ये वापरता आलं नाही, नुसता ‘कोडी’ म्हणून लढावं लागलं. एवढं सगळं दुसऱ्याच्या हातात असलेला माणूस कुठल्या अर्थाने स्वतंत्र?

या एका शब्दाचे परिणाम कागदावर राहत नाहीत. अमेरिकेत संघटना बांधण्याचा आणि सामूहिक वाटाघाटीचा कायदेशीर हक्क १९३५ च्या कामगार कायद्याने मिळतो, तो कर्मचाऱ्याला, कंत्राटदाराला नाही. कामावर जखमी झाल्यावरची कायदेशीर भरपाईही कर्मचाऱ्यालाच. नोकरीबरोबर आरोग्य विमा मिळण्याची तिथली रीत रेसलरला लागू नाही, तो त्याने स्वतःचा काढायचा. सामाजिक सुरक्षा करातला मालकाचा वाटाही स्वतःच भरायचा. गावोगावच्या प्रवासातली भाड्याची गाडी आणि हॉटेल यांचे पैसे कित्येक पिढ्यांनी आपल्या खिशातून भरले. एका गाडीत चारजण, रात्रभर ड्रायव्हिंग, असे किस्से जुने रेसलर सांगतात तेव्हा आपण ‘काय दिवस होते’ म्हणून ऐकतो. ते ऐकताना मला आता त्रास होतो.

कोणी आवाज उठवला नाही असंही नाही. १९८६ मध्ये, दुसऱ्या रेसलमेनियाच्या (कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक शोच्या) तोंडावर, रेसलर जेसी व्हेंचुराने ड्रेसिंग रूममध्ये संघटनेचा विषय काढला होता. तो तिथेच विरला. हाच व्हेंचुरा पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, पण सहकाऱ्यांची संघटना काही त्याला उभी करता आली नाही. २००८ मध्ये स्कॉट लेव्ही, म्हणजे रेव्हन, आणि आणखी दोघे ‘आम्ही कर्मचारीच होतो’ म्हणत कोर्टात गेले, खटला फेटाळला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये रेसलर झेलिना व्हेगाने समाज माध्यमावर संघटनेला पाठिंबा असल्याचं लिहिलं आणि त्याच दिवशी तिला कंपनीतून मोकळं केल्याची बातमी आली. कंपनीने रेसलर्सना बाहेरच्या ऑनलाइन व्यासपीठांवरून कमाई करण्यास मनाई केली होती, वाद त्यावरून पेटला होता. पुढच्या वर्षी तिला परत घेतलं. तरी त्या दिवशी ड्रेसिंग रूममधल्या नव्या पोरांना काय कळायचं ते कळलंच असेल.

आणि ओवेन. त्याच्याबद्दल लिहायचं टाळत होतो.

२३ मे १९९९, कॅन्सस सिटीचं केम्पर अरीना. ब्लू ब्लेझर या विनोदी सुपरहिरोच्या वेषात त्याला छतावरून दोरीने खाली उतरायचं होतं. पट्ट्याची कडी वेळेआधी सुटली आणि तो ७८ फुटांवरून रिंगमध्ये कोसळला. वय ३४. घरी बघणाऱ्यांच्या पडद्यावर त्या क्षणी आधी चित्रित केलेला भाग चालू होता. त्यानंतर समालोचक जिम रॉस कॅमेऱ्यासमोर परत परत सांगत राहिला की हा करमणुकीचा भाग नाही, हे खरं घडलं आहे. मी त्या मिनिटांवर खूप विचार केला आहे. आयुष्यभर लिहिलेली गोष्ट खरी म्हणून विकणाऱ्या माणसाला खरी गोष्ट खरी आहे म्हणून विनवावं लागत होतं. आणि थोड्या वेळाने, त्याच रिंगमध्ये, पुढची मॅच लागली. सभागृहातल्या प्रेक्षकांना त्याच्या मृत्यूची घोषणाही केली गेली नाही. त्याच्या पत्नीने, मार्था हार्टने, खटला भरला. पुढच्या वर्षी सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि त्या पैशांतून तिने ओवेनच्या नावाने धर्मादाय संस्था काढली.

ओवेन अपघातात गेला. बाकीचे हळूहळू गेले. ब्रायन पिलमन ३५ व्या वर्षी, योकोझुना ३४ व्या, एडी गरेरो ३८ व्या, वेम्बलीचा तो बुलडॉग ३९ व्या, रिक रूड ४० व्या. प्रत्येकाचं कारण वेगळं, हे मला मान्य. व्यसनं होती, स्टेरॉइड्स होती, वेदनाशामक गोळ्या होत्या. पण दुखणाऱ्या पाठीने उद्या दुसऱ्या गावी लढायचंच आहे, नाही लढलो तर जागा जाईल, या धास्तीतून गोळीपर्यंतचं अंतर फार नसतं.

२००७ मध्ये रेसलर क्रिस बेन्वाने पत्नीचा आणि मुलाचा खून करून स्वतःला संपवलं. त्या कृत्याला माफी नाही आणि त्याच्या मॅच मी तेव्हापासून लावलेल्या नाहीत. पण त्याच्या मेंदूच्या तपासणीत डॉक्टरांना वारंवार आदळण्यातून होणारी गंभीर हानी दिसली, आणि ती माहिती नजरेआड करता येत नाही. डोक्यावर खुर्ची मारायला डब्ल्यूडब्ल्यूईने बंदी घातली ती २०१० मध्ये. नव्वदीच्या दशकात आम्ही अशा प्रत्येक खुर्चीला आरडाओरडा करून दाद दिली होती. जपानमध्ये मानेवर आदळणाऱ्या सुप्लेक्सची, म्हणजे उचलून मागे फेकण्याच्या डावाची, अशीच चढाओढ लागली होती. त्या काळातला सर्वश्रेष्ठ, मित्सुहारू मिसावा, जून २००९ मध्ये हिरोशिमाच्या रिंगमध्ये एका सुप्लेक्सनंतर उठलाच नाही. ४६ वर्षांचा होता. मिसावा आणि त्याचा प्रतिस्पर्धी कोबाशी यांच्या मॅच मी जीव ओतून पाहिल्या आहेत, अजूनही त्यांच्याहून सुंदर काही झालं असं मला वाटत नाही. पण मानेवर पडणं जितकं भयंकर, तितकी मॅच थोर, हे माप आम्ही चाहत्यांनीच लावलं. त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही.

यावर उलट बोलणाऱ्यांचं म्हणणंही ऐकून घेतलं पाहिजे. कंपनी रिंगमधल्या दुखापतींच्या शस्त्रक्रियांचा खर्च करते, २००६ पासून औषधचाचणी आणि आरोग्य तपासणीची व्यवस्था आहे, माजी रेसलर्सच्या व्यसनमुक्तीचाही खर्च उचलते. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. आज परिस्थिती १९९८ पेक्षा कितीतरी बरी आहे. पण हे सगळं कंपनीच्या मर्जीवर आहे. जे मर्जीने मिळतं ते मर्जीने जाऊ शकतं. ‘त्यांनी स्वतःहून सही केली’ हे तर मला पटतच नाही. फुटबॉलपटूही स्वतःहून सही करतात, नटही करतात. सहीच्या अलीकडे त्यांच्या बाजूने कोणीतरी बसलेलं असतं, एवढाच फरक आहे.

छोट्या कंपन्यांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. शनिवारी एका गावी, रविवारी दुसऱ्या कंपनीत, असा फिरणारा रेसलर खरोखरच कंत्राटदार असतो, आणि शे-दोनशे लोकांसमोर शो करणाऱ्या आयोजकावर मोठ्या कंपनीचे नियम लादले तर तो दुकान बंद करेल. ती दुनिया मला प्रिय आहे, उद्याचे ब्रेट आणि मिसावा तिथूनच येतात. म्हणून माझी मागणी नेमकी आहे. जी कंपनी रेसलरला फक्त स्वतःसाठी बांधून ठेवते, तिने त्याला कर्मचारी मानावं आणि त्याच्या संघटनेशी बोलावं. परवडत नाही हे कारण तिथे चालणार नाही. ‘रॉ’ हा एकच साप्ताहिक कार्यक्रम नेटफ्लिक्सने दहा वर्षांसाठी पाच अब्ज डॉलरहून जास्त रकमेला घेतला आणि जानेवारी २०२५ पासून तो तिथे सुरू झाला. पाच अब्जांत विमा बसतो.

आम्ही चाहते कायदा करू शकत नाही. पण रेसलिंगमध्ये लोकांच्या आवाजाने पटकथा बदलते, हे आम्ही स्वतः पाहिलं आहे. डॅनियल ब्रायनला २०१४ च्या रेसलमेनियाच्या शेवटच्या मॅचमध्ये नेलं ते महिनोन्महिने ‘येस, येस’ ओरडणाऱ्या प्रेक्षकांनी. दोनच वर्षांत डोक्याच्या दुखापतींमुळे डॉक्टरांनी त्याला थांबवलं, आणि तो २०१८ मध्ये तपासण्या होऊनच परतला. त्याला थांबवलं तेव्हा आमच्यापैकी कित्येकजण डॉक्टरांवर चिडले होते. तो आवाज तेव्हा डॉक्टरांच्या बाजूने लागायला हवा होता.

२३ मार्च १९९७ ला शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये ब्रेटच्या शार्पशूटर या पायांच्या पकडीत अडकलेला ऑस्टिन, तोंडभर रक्त, हार न मानता बेशुद्ध पडला होता. खलनायक म्हणून आत गेलेला माणूस नायक होऊन बाहेर आला. त्याच इमारतीत ५ जून २०२२ ला कोडी ऱ्होड्सने सेथ रॉलिन्ससमोर जॅकेट काढलं. छातीचा स्नायू फाटलेला होता. उजव्या बाजूने छातीपासून दंडापर्यंत कातडी काळीजांभळी पडलेली. जॅकेट खाली आलं तसा सगळ्या सभागृहाचा श्वास अडकला, माझाही. तो तसाच लढला आणि जिंकला. नंतर शस्त्रक्रिया, महिनोन्महिने घरी, आणि जानेवारी २०२३ मध्ये रॉयल रंबल ही अनेक रेसलर्सची मोठी मॅच जिंकून परत. मी टाळ्या वाजवल्या, उभा राहून. कोडी मोठं नाव आहे, त्याची जागा त्याची वाट बघत होती. पण त्याच आठवड्यात, त्याच कंपनीत, ज्याचं नाव पोस्टरवर नाही अशा एखाद्या पोराचा स्नायू फाटला असता आणि तो म्हणाला असता, ‘आज मला लढता येणार नाही’, तर पुढच्या सोमवारी त्याची जागा शिल्लक राहिली असती का, हे मला त्या टाळ्यांनंतर विचारावंसं वाटलं. ते उत्तर कंपनीच्या मर्जीत नको, करारात लिहिलेलं हवं.